‘अ फ्यू’मधला ‘अ’

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सहलींच्या, स्नेहसंमेलनांच्या आणि खिचडीच्या आठवणी बाकीचे माजी विद्यार्थी लिहितीलच. मला लिहायचे आहे ते इंग्रजीच्या तासाला फळ्यावर आखल्या जाणाऱ्या तीन ओळींच्या तक्त्याबद्दल. फ्यू म्हणजे जवळजवळ नाहीतच, अ फ्यू म्हणजे थोडे आहेत, द फ्यू म्हणजे जे काही थोडे आहेत ते सगळे. मोजता न येणाऱ्या गोष्टींसाठी तसेच लिटल, अ लिटल आणि द लिटल. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होते, २००० सालापासून ते राज्यात पहिलीपासून आले. तक्ता मात्र तोच राहिला आणि चूकही तीच राहिली. ‘डू ॲज डायरेक्टेड’मध्ये पूर्ण गुण मिळवणारी मुले पुढे नोकरीत बिनधास्त लिहितात, ‘आय हॅव फ्यू डाउट्स.’

हे वाक्य लंडनमधला माणूस वाचतो तेव्हा त्याला कळते की यांची जवळपास खात्री पटली आहे, यांना विचारण्यासारखे काही नाही. लिहिणाऱ्याला तर चार प्रश्न विचारायचे असतात. त्याने लिहायला हवे होते, ‘आय हॅव अ फ्यू क्वेश्चन्स.’ (‘डाउट’ म्हणजे तिकडे खरोखरची शंका, अविश्वास. प्रश्नाला ते ‘क्वेश्चन’च म्हणतात.) हीच गत ‘प्लीज गिव्ह मी लिटल टाइम’ची. आपण मागतो थोडा वेळ आणि वाक्य म्हणते, मला अगदी कमीच वेळ द्या.

चूक होते याचे कारण उघड आहे. मराठीत ‘अ’सारखे उपपद नाही, म्हणून ते आपल्याला भरतीचे वाटते. शिवाय बोलताना त्याचा उच्चार इतका पुसट होतो की सवय नसलेल्या कानाला तो लागत नाही. पण हा फरक मराठीला परका नाही. आपण तो ‘च’ने दाखवतो. ‘थोडी मुले आली’ आणि ‘थोडीच मुले आली’, ‘दोन-चार माणसे होती’ आणि ‘दोन-चारच माणसे होती’. म्हणून रिकामी जागा भरताना आधी मराठी वाक्यात ‘च’ लावून पाहा. ‘च’ बसत असेल तर ‘अ’ नको. बसत नसेल तर ‘अ’ हवा.

तक्ता एक गोष्ट सांगत नाही, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. हे शब्द संख्या सांगतच नाहीत. वर्गात पाच मुले आली असतील, तर ‘अ फ्यू बॉइज केम’ही खरे आणि ‘फ्यू बॉइज केम’ही खरे. पाच ते पाचच. पहिला बोलणारा आलेल्यांकडे पाहतो आहे, दुसरा न आलेल्यांकडे. व्याकरणही ‘फ्यू’ला नकारार्थीच धरते. क्वेश्चन टॅग लावून पाहा: ‘अ फ्यू बॉइज केम, डिडंट दे?’ पण ‘फ्यू बॉइज केम, डिड दे?’ वाक्यात ‘नॉट’ कुठेही नसताना टॅग होकारार्थी येतो. ‘ही हॅज लिटल मनी, डझ ही?’ हेही तसेच. दहावीला हा टॅग हमखास चुकतो, कारण मुले ‘नॉट’ शोधत बसतात.

‘अ’च्या आधी किंवा जागी दुसरा शब्द आला की काय होते, हे पाठच करावे. ‘व्हेरी’, ‘सो’, ‘टू’, ‘ॲज’ यांच्यानंतर ‘अ’ येत नाही: व्हेरी फ्यू, सो फ्यू, टू लिटल. ‘ओन्ली’, ‘जस्ट’ आणि ‘क्वाइट’ यांच्यानंतर ‘अ’ राहतो. गंमत अशी की ‘ओन्ली अ फ्यू’ म्हणजे थोडेच, आणि ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे चक्क बरेच! ‘क्वाइट अ फ्यू पीपल’ ऐकून हॉलमध्ये दहा खुर्च्या मांडल्या, तर पाहुणे उभे राहतील. २० ऑगस्ट १९४० रोजी चर्चिल ब्रिटिश पार्लमेंटमध्ये लढाऊ वैमानिकांबद्दल बोलताना म्हणाले की इतक्या लोकांवर इतक्या थोड्यांचे इतके ऋण कधीच नव्हते. तिथे मूळ शब्द आहेत ‘सो मच’, ‘सो मेनी’ आणि ‘सो फ्यू’. ‘सो’ आहे म्हणून ‘अ’ नाही. त्या वैमानिकांना पुढे ‘द फ्यू’ हेच नाव पडले.

एवढे शिकून तुम्ही गप्पांमध्ये ‘फ्यू पीपल नो दिस’ म्हणायला लागाल, तर ते भाषणासारखे वाटेल. नुसते ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ हे लेखी, औपचारिक इंग्रजीतले. बोलताना इंग्रज म्हणतात ‘नॉट मेनी पीपल’, ‘नॉट मच टाइम’, ‘हार्डली एनी मिल्क’. ‘अ फ्यू’ आणि ‘अ लिटल’ मात्र दोन्हीकडे चालतात. हा भेद शाळेत शिकवायला हवा.

‘लिटल’ची आणखी एक खोड आहे. ‘अ लिटल मिल्क’ म्हणजे थोडे दूध, पण ‘अ लिटल बॉय’ म्हणजे लहान मुलगा. पुढचे नाम मोजता येणारे एकवचनी असले, की अर्थ आकाराकडे जातो.

बोलीत ‘अ लिटल’पेक्षा ‘अ बिट’ अधिक, विशेषतः ब्रिटनमध्ये. विशेषणाआधी ते नुसते येते, ‘अ बिट टायर्ड’. नामाआधी ‘ऑफ’ लागतो, ‘अ बिट ऑफ शुगर’. आपल्याकडे ‘अ बिट शुगर’ सर्रास ऐकू येते, ते चूक. अनेकवचनाआधी ते चालत नाही; ‘अ बिट ऑफ बुक्स’ कोणी म्हणत नाही, तिथे ‘अ फ्यू बुक्स’. ‘अ बिट ऑफ अ प्रॉब्लेम’ मात्र सांभाळून ऐका. इंग्रज सौम्य शब्दांत बोलतो, अडचण बहुधा चांगलीच मोठी असते. आणि ही जोडी तर परीक्षेतच विचारावी अशी आहे: ‘नॉट अ बिट सरप्राइज्ड’ म्हणजे अजिबात आश्चर्य वाटले नाही, ‘नॉट अ लिटल सरप्राइज्ड’ म्हणजे बरेच आश्चर्य वाटले.

‘ऑफ’वरून आणखी एक. ‘अ फ्यू फ्रेंड्स’ बरोबर, ‘अ फ्यू ऑफ माय फ्रेंड्स’ बरोबर, ‘अ फ्यू ऑफ फ्रेंड्स’ चूक. ‘ऑफ’ आला की पुढे ‘द’, ‘माय’, ‘दीज’ असे काहीतरी हवेच. ‘सम’ आणि ‘सेव्हरल’लाही हाच नियम. ‘अ कपल’ला तो लागू नाही: ‘अ कपल ऑफ डेज’. ते म्हणजे दोन, सैलपणे दोन-तीन. अमेरिकेत बोलताना ‘ऑफ’ गाळून ‘अ कपल डेज’ही म्हणतात, आपण लिहिताना गाळू नये.

मोजता न येणाऱ्या नामांची यादी मराठीच्या अंदाजाने कधीच जुळणार नाही. सल्ले, बातम्या, केस आपण खुशाल मोजतो. इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’, ‘न्यूज’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘होमवर्क’, ‘ब्रेड’ यांना अनेकवचन नाही. ‘हेअर’ डोक्यावरचे सगळे मिळून एकवचनीच. एक सल्ला द्यायचा तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’, पावाचा एक काप ‘अ स्लाइस ऑफ ब्रेड’, चिमूटभर मीठ ‘अ पिंच ऑफ सॉल्ट’. थोडे सल्ले म्हणायचे तर ‘अ फ्यू ॲडव्हाइसेस’ नव्हे, ‘सम ॲडव्हाइस’. हा ‘सम’ उच्चारताना स्वर जवळजवळ गिळायचा. ठासून म्हटला तर ‘काही ठरावीकच’ असा अर्थ निघतो. चहा विचारताना ‘वुड यू लाइक सम टी?’ म्हणावे. त्यात ‘घ्याच’ असा आग्रह असतो, ‘एनी’मध्ये तो नसतो.

राहिले ‘फ्यूअर’ आणि ‘लेस’. मोजता येणाऱ्यांना ‘फ्यूअर’ वापरा, हे मत १७७० मध्ये इंग्रजी भाषेवर लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकर यांनी स्वतःची आवड म्हणून मांडले आणि पुढे त्याचा नियम झाला. वेळ, अंतर आणि पैसे यांना आकडा असूनही ‘लेस’च लागते: ‘लेस दॅन टेन मिनिट्स’. ब्रिटनमधल्या दुकानांत झटपट काउंटरवर ‘टेन आयटम्स ऑर लेस’ अशी पाटी असे. त्यावर व्याकरणप्रेमी इतके नाराज होते की टेस्को या दुकानांच्या साखळीने २००८ मध्ये ती बदलून ‘अप टू टेन आयटम्स’ केली. तुम्ही बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत ‘फ्यूअर मिस्टेक्स’च लिहा, बोलताना समोरचा ‘लेस मिस्टेक्स’ म्हणाला तर त्याला अडवू नका.