‘कोर्ट’चा बोर्ड लागला: हिरव्या दोऱ्याची नोंद

‘कोर्ट’ सुटला! मी सिनेमातला किंवा कादंबरीतला एकेक प्रसंग कार्डावर लिहून बोर्डावर टाचते आणि कार्डं दोऱ्यांनी जोडते; ‘कोर्ट’ या सिनेमाचा बोर्ड अडला होता. लाल दोरा सफाई कामगार पवारच्या बायकोच्या साक्षीपाशी तुटतो आणि पुढे काही केल्या जात नाही, हे मागच्या नोंदीत लिहिलंच होतं. काल रात्री बोर्ड पूर्ण झाला, आणि तो जोडला हिरव्या दोऱ्याने.

आपला नियम ठरलेला: एका प्रसंगामुळे दुसरा घडला तर लाल दोरा, नुसता नंतर आला तर निळा. निशिकांत कामतांचा ‘दृश्यम’ (२०१५) या नियमाने झरझर लागला होता. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’ने (२०१४) मात्र छळलं. शाहीर नारायण कांबळेंचं गाणं ऐकून वासुदेव पवारने मॅनहोलमध्ये जीव दिला, हा आरोप. इथवर लालच लाल. मग त्याची बायको साक्षीला येते. नवरा वास सहन होत नाही म्हणून दारू पिऊन उतरायचा. आत खडा टाकून झुरळ बाहेर येतं का बघायचा, आलं तर हवा आहे असं समजायचा. गॅसने एक डोळा गेला होता. हे सगळं ती सपाट आवाजात सांगते आणि आरोपात काही उरत नाही.

म्हणजे पुढचं कार्ड सुटकेचं हवं. येतो जामीन, आणि मग यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली पुन्हा अटक. शिवाय मधेमधे कांबळेंचा वकील वोरा सुपरमार्केटमध्ये चीज आणि वाइन घेतो, सरकारी वकील नूतन घरी स्वयंपाक करते, घरच्यांबरोबर नाटकाला जाते. या कार्डांना निळा दोराही धड लागत नव्हता.

शेवटी घरची कार्डं ओळीतून काढली आणि खटल्याखाली वेगळी ओळ केली. हिरवा दोरा अशा जोडीला, जिथे एका दृश्यामुळे दुसरं घडत नाही, पण वेगळं दिसायला लागतं. त्याला पुढे-मागे अशी दिशा नाही. पहिलाच हिरवा दोरा शेवटून मागे गेला आणि मी उडालेच! सुट्टी लागते, कोर्टातले दिवे जातात, तरी सिनेमा संपत नाही. न्यायाधीश सदावर्ते रिसॉर्टवर सहलीला जातात. तिथे न बोलणाऱ्या मुलासाठी अंकशास्त्र आणि अंगठीतल्या खड्याचा सल्ला देतात, बाकावर डुलकी लागलेली असताना मुलं ओरडून दचकवतात तेव्हा एकाच्या थोबाडीत देतात. दोऱ्याचं दुसरं टोक मी त्या कार्डाला बांधलं, जिथे बिनबाह्यांचा ड्रेस घातला म्हणून एका बाईची सुनावणी ते पुढे ढकलतात. तेच कोर्ट, तोच माणूस.

‘कोर्टमध्ये काही घडतच नाही’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहेच, पण ‘कथानक हवंय कशाला’ म्हणणाऱ्यांशी जास्त. खटल्याचा लाल दोरा काढून बघा, खालची ओळ नुसती विखुरते. निकालाची वाट बघत असतो म्हणून तर ती चीज आणि ते नाटक टोचतं.

सामानाबद्दल: लोकर घेऊ नका, पिनेभोवती पीळ पडतो. भरतकामाचा दोरा उत्तम. ऑनलाइन मागवलेल्या कार्डांवर शाई फुटते, त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या दुकानातून कार्डशीट आणून कापा. थर्माकोल एका बोर्डात भुसभुशीत होतो, सॉफ्टबोर्डच घ्या. आणि स्प्रेडशीटवाल्यांनो, सगळी ओळ एका नजरेत दिसल्याशिवाय हे काम होत नाही.

पुढचा बोर्ड नेमाडेंच्या ‘कोसला’ कादंबरीचा ठरला होता. पण लिहितालिहिता वाटतंय, आधी ‘दृश्यम’वर हिरवा दोरा चालवावा. प्रेत नव्या पोलीस ठाण्याखाली आहे हे माहीत असूनही, कुटुंब तेव्हा बाहेरगावी होतं हे दाखवायला विजय साळगावकर तिकिटं जपतो, तारीख लोकांच्या मनात पेरतो, ते मी पुन्हा तितक्याच ओढीने बघते. कीर्तनात आख्यान पाठ असलेली माणसंच पुढे बसतात, तसं. लाल बोर्डावर ही मजा कुठेच दिसत नाही. जुने दोरे न काढता वरून हिरवे लावणार. गुंता झालाच तर दोन बोर्ड.

‘कोसला’ कुणी लावला असेल तर एक सांगा: नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचं कार्ड कशाला जोडलंत? मला तिथे अजून एकही रंग सापडत नाहीये.