मिनेसोटाच्या थंडीत कोंबड्या, बल्ब न लावता

"त्या कोंबड्यांना बल्ब लावलास का?" नोव्हेंबर लागला की आईचं हे सुरू होतं. तिचं चूक नाही, तिने पोल्ट्रीच्या शेडमध्ये रात्रभर पेटलेले बल्ब बघितलेत आणि इथे अमेरिकेत मिनियापोलिसजवळ थंडीची लाट आली की रात्रीचं तापमान मायनस 25 ला जातं, मग तिला वाटणारच की ही पोरगी मुक्या जिवांचे हाल करतेय. पण तो बल्ब पिल्लांसाठी असतो गं. पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, त्याला स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही. मोठ्या कोंबडीचं मूळ तापमानच 41 सेल्सिअसच्या आसपास असतं, वर पिसं, पिसांखाली मऊ थर, आणि अंग फुलवून बसली की ती तिच्या गोधडीत.

2019 च्या 30 जानेवारीला इथल्या विमानतळावर मायनस 28 फॅरेनहाइट नोंदवलं गेलं होतं, म्हणजे साधारण मायनस 33 सेल्सिअस. तेव्हा आमच्याकडे कोंबड्या नव्हत्या पण शेजारच्या आजोबांकडे होत्या, हीटर नाही काही नाही, आणि सगळ्या जगल्या. एक-दोघींच्या तुऱ्याची टोकं काळी पडली तेवढंच. माझी सगळी शिकवणी त्यांच्याकडेच झाली.

आजोबांचं म्हणणं एकच, थंडीने कोंबडी सहसा मरत नाही, ओल तिचा घात करते. आणि ही ओल बाहेरून येतच नाही! रात्रभर आठ कोंबड्या श्वास सोडतात, खाली शिट पडते ज्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, आणि आपण मायेपोटी खुराड्याच्या सगळ्या फटी बुजवून टाकलेल्या असल्या की ती वाफ जाणार कुठे, ती वर जाऊन छताला गोठते नाहीतर तुऱ्यावर बसते, आणि ओला तुरा कोरड्या तुऱ्यापेक्षा कितीतरी लवकर गोठतो. शिवाय शिटेतल्या अमोनियाने त्यांच्या छातीचे आजार सुरू होतात ते वेगळंच.

ओळखायचं कसं? सकाळी उजाडायच्या आत टॉर्च घेऊन जायचं, दार उघडायचं आणि छताच्या प्लायवूडकडे खालून बघायचं. पांढरी बारीक साखर भुरभुरल्यासारखा थर चमकत असेल, बोट फिरवल्यावर बोट ओलं होत असेल, तर हवा कमी पडतेय. डोळे चुरचुरले तर फारच कमी पडतेय. आमच्या खुराड्याला छपराखाली दोन्ही बाजूंना लांब झडपा आहेत, कोंबड्या बसतात त्याच्या बऱ्याच वर, म्हणजे वाफ वरच्या वर निघून जाते आणि वारा त्यांच्या अंगाला लागत नाही. खालून मात्र सगळं घट्ट बंद. झडपांना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी मारलीय, कारण साधी षटकोनी कोंबडी-जाळी रॅकून नावाचं इथलं रानजनावर फाडतं, आणि मिंक नावाचं एक मुंगसासारखं लबाड जनावर इतक्या छोट्या भोकातून आत शिरतं की बघूनही विश्वास बसत नाही.

लाल 250 वॅटचे दिवे दुकानात कोंबड्यांच्या सेक्शनमध्येच मिळतात म्हणून लोक बिनधास्त लावतात. मला ते अजिबात पटत नाही. खाली कोरडा भुसा, हवेत पिसांची धूळ, आणि एखादी घाबरून उडाली नि दिवा खाली आला तर? खुराड्यांना आगी लागण्याचं हे नेहमीचं कारण आहे. आणि समजा आग नाही लागली, पण ऐन वादळात लाइट गेली तर उबेला सोकावलेल्या कोंबड्या एकदम मायनस 20 मध्ये येतात, त्यापेक्षा त्यांना ऑक्टोबरपासून हळूहळू थंडीची सवय होऊ द्यावी ना.

बसायची दांडी चपटी हवी. आपल्याकडे गावाला गोल बांबू किंवा झाडाची फांदी चालते, पण इथे त्यावर बसली की बोटं पुढून उघडी राहतात. टू बाय फोरची, म्हणजे दोन बाय चार इंची म्हणून विकतात ती फळी रुंद बाजू वर करून ठेवली की कोंबडी पायांवर पोट टेकून बसते, बोटं पिसांखाली झाकली जातात.

जातीने पण फरक पडतो. लेगहॉर्न अंड्यांना झकास पण तुरा एवढा मोठा की तोच आधी गोठतो. आमच्याकडे वायनडॉट जास्त आहेत, त्यांचा तुरा बसका. कॅनडात क्वेबेकमधल्या ओका इथल्या मठात ब्रदर विल्फ्रेड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शांतक्लेर नावाची जात खास थंडीसाठी तयार केली, तुरा नावापुरता आणि चोचीखालचे लाल लोंबते जवळजवळ नाहीतच. मला दोन हव्यात, बघू.

खरी कटकट पाण्याची. मायनस 20 मध्ये भांडं तासा-दोन तासात दगड. खाली गरम होणारी प्लेट मिळते ती घेतलीय, वायर मात्र बाहेर वापरायचीच हवी, आणि उघडं पसरट भांडं नको कारण पिताना चोचीखालचं ते लोंबतं भिजतं आणि मग गोठतं. आम्ही बाजूला निपल, म्हणजे चोचीने टोचलं की पाणी सोडणाऱ्या तोट्या, असलेली बादली वापरतो, तीही खुराड्याबाहेर, आतली ओल तेवढीच कमी.

खाणं थंडीत वाढतं, नेहमीचा लेअर फीड (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) भरपूर ठेवायचा आणि झोपायच्या आधी मूठभर भरडलेला मका. पोट भरलेलं असलं की रात्रभर पचन चालू राहतं आणि अंग गरम राहतं. दिवसभर मकाच दिला तर नुसत्या लठ्ठ होतात.

बर्फावर पाय ठेवायला मॅडम तयार नसतात, दारात उभ्या राहून आपल्याकडे बघत बसतात. मग पेंढा पसरायचा आणि जाळीच्या अंगणाला तीन बाजूंनी जाड प्लास्टिक लावायचं, वारा अडला की बाहेर येतात.

अंडी? ती डिसेंबरात विसरा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, पण इथे तेव्हा तांबडंच पावणेआठला फुटतं आणि साडेचारला अंधार, आणि नियमित अंड्यांसाठी त्यांना 14-15 तास उजेड लागतो. टायमरवर छोटा एलईडी लावून लोक अंडी मिळवतात, मी लावत नाही, पिसं झडून नवी आलेली असतात, घेऊ दे की विश्रांती. चुकून कोणी घातलंच तर लगेच उचलायचं, गोठून तडकतं.

तुऱ्याचं टोक काळं पडलंच तर चोळायचं नाही, हेअर ड्रायर मारायचा नाही, खपली कापायची नाही. सुजलं किंवा पू झाला तर पक्ष्यांचा डॉक्टर. व्हॅसलीन लावणारे लावतात, मी त्यापेक्षा छताची झडप आधी बघते.

यावर्षी आम्हाला डिसेंबरात पुण्याला यायचंय, मावसबहिणीचं लग्न आहे. तीन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ बर्फ तुडवत जाऊन पाणी बघणार कोण, हा प्रश्न तिकिटांपेक्षा मोठा झालाय. समोरचा शाळकरी मुलगा तयार आहे पण त्याला मोबदल्यात अंडी हवीत, आणि त्या काळात अंडी नसतात हे त्याला अजून सांगितलेलं नाही.