माळ्यावरच्या गाड्यांची मोजदाद

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. दोन वर्षं भाड्याच्या घरात काढायची म्हणून आवराआवर सुरू झाली, तेव्हा मुलीनं सहज विचारलं, "बाबा, तुमच्या गाड्या नेमक्या किती?"

"असतील दीडशे," मी म्हटलं. मॉडेल रेल्वेची इंजिनं, डबे, मालाच्या वाघिणी सगळं धरून. माळ्यावरची खोकी उतरवून मोजलं तर ३१२ निघाल्या. त्यात एकच हिरवं डिझेल इंजिन दोनदा घेतलेलं. दुसऱ्याचं तर खोकंही फोडलेलं नव्हतं.

पहिली यादी लांब वहीत केली, कंपनीवार पानं पाडून. ती पहिल्याच संध्याकाळी अडली. मामानं १९८४ साली जर्मनीहून आणलेला मेर्कलिन या जर्मन कंपनीचा संच हातात आला: एक इंजिन, तीन वाघिणी, गोल रूळ, ट्रान्सफॉर्मर. ही एक नोंद की सहा? एक म्हणावी, तर त्यातली एक वाघीण केव्हाच दुसऱ्या खोक्यात गेलेली. शेवटी ठरवलं, चाकांवर उभं राहतं त्याला स्वतंत्र क्रमांक, आणि कोणत्या संचातलं ते वेगळ्या रकान्यात. रूळ पिशवीवर मोजायचे: सरळ इतके, वळणाचे इतके.

दुसरी यादी भाच्यानं एक्सेलमध्ये करून दिली. बावीस रकाने. रंग, लांबी, कालखंड, दिव्यांचा प्रकार, काय विचारू नका. चौदाव्या नोंदीला मी झोपलो. किमतीचा रकाना तर शुद्ध छळ होता. मामानं जर्मन मार्क मोजून घेतलेल्या गाडीचे आज रुपये किती, यात एक अख्खा रविवार गेला. तो रकाना उडवला. बिल असेल तर त्याचा फोटो, बस्स. तिसऱ्या यादीत नऊच रकाने उरले आणि तीच पुरी झाली.

त्या नवांतला एक रकाना मी कधीच सोडणार नाही: वीज कोणती. मेर्कलिनच्या एचओ मापाच्या गाड्या तीन रुळांच्या पद्धतीवर चालतात. तिसरा रूळ म्हणजे मधले बारीक खिळे, आणि दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांपासून विजेच्या दृष्टीनं तोडलेली नसतात. अशी वाघीण साध्या दोन रुळांच्या डीसी मार्गावर ठेवली की थेट शॉर्ट सर्किट. दिसायला दोन्ही सारख्याच, खोकी तर माझ्याकडे कधीच जागेवर नसतात. फ्लाइशमान कंपनीच्या खोक्यात रोको कंपनीची वाघीण, हे आमच्याकडे नित्याचं.

प्रमाणाचाही रकाना लागतोच. एचओ म्हणजे खऱ्या गाडीचा सत्त्याऐंशीवा भाग, १:८७; ब्रिटिश ओओ म्हणजे १:७६, पण दोन्ही १६.५ मिलिमीटर अंतराच्या एकाच रुळावर धावतात. जोडून पाहिलं की इंग्लिश डबा आडदांड दिसतो. आपल्या ब्रॉडगेजची तर वेगळीच गंमत. दोन रुळांतल्या १६७६ मिलिमीटर अंतराला ८७ नं भागलं तर १९ च्या वर जातं, पण आपली एचओ मॉडेलं सहसा त्याच १६.५ वर चालवतात. म्हणजे वरून आपलं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन आणि खालून युरोप.

कॅटलॉग क्रमांकावर ओळख ठेवायची नाही हे त्या हिरव्या जोडीनं शिकवलं. प्रत्येकाला माझा स्वतःचा क्रमांक. स्टिकर चिकटवायचा नाही, डिंक रंगावर डाग पाडतो. खोक्याच्या आतल्या झाकणावर पेन्सिलीनं, आणि गाडीखाली कागदाची चिठ्ठी. मोबाइलवर तीन फोटो: डावी बाजू, उजवी बाजू, पोट.

फोटोआधी भिंग लागतं. युरोपीय वाघिणींवर बारा आकडी क्रमांक असतो, राईच्या दाण्याएवढ्या अक्षरांत. ३ की ८ कळत नाही. पण शेवटचा आकडा तपासणीचा असतो. पहिल्या अकरा आकड्यांना डावीकडून आलटून पालटून २ आणि १ नं गुणायचं, गुणाकारांतले सगळे अंक मिळवायचे, आणि पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतं ते पाहायचं. तोच बारावा आकडा यायला हवा. नाही आला तर भिंग पुन्हा डोळ्याला. आपल्या मालगाडीच्या वाघिणींवरच्या अकरा आकड्यांतही शेवटचा तपासणीचाच असतो. मुलीला हे सांगितल्यापासून ती फाटकात थांबली की आकडेच वाचत बसते.

डिजिटल इंजिनांच्या पत्त्याचा रकाना एका फजितीनंतर वाढवला. इंजिनातला डिकोडर, म्हणजे हुकूम ओळखणारी चिप, कारखान्यातून निघते तेव्हा तिचा पत्ता, म्हणजे हुकूम घ्यायचा क्रमांक, बहुतेक वेळा ३ असतो. मी तो बदलायचा आळस केला होता. चाचणीसाठी चार इंजिनं एकदम रुळावर ठेवली, एकाला हुकूम सोडला, तर चारही निघाली. दोन टेबलावरून खाली जाता जाता वाचली.

वाईट बातम्याही निघाल्याच. मीच हौसेनं कापून ठेवलेला स्पंज पंधरा वर्षांत चिकट गूळ झाला होता. एका डब्याचं छप्पर त्यानं खाल्लं. एका जुन्या इंजिनाची जस्तमिश्रित साटी, म्हणजे खालचा सांगाडा, फुगून तडकली होती. ओतताना मिश्रधातूत शिसं गेलं की वर्षांनी असं होतं, आणि त्यावर इलाज नाही. स्थितीच्या रकान्यात मी "आजारी" लिहिलं. मुलीनं ते खोडून "गेली" केलं.

शेवटी १८७ क्रमांकापाशी अडलो. वाफेच्या इंजिनाचं टेंडर, पाण्याकोळशाचा मागचा डबा, पण पुढचं इंजिनच नाही. सगळी खोकी पुन्हा उलटली. मग आठवलं, पूर्वी एका मित्राला दुरुस्तीला दिलं होतं. त्याला फोन लावला.

"अरे, ते इंजिन तुझं होय?" तो म्हणाला. "मी त्याचं टेंडर शोधतोय कधीचा."