ग्रॅपलिंग की एमएमए? तुम्ही विचारलंत म्हणून

‘कधी कुणावर हात उचलला नाही, आता शिकायचंय. ग्रॅपलिंग धरू की थेट एमएमए?’ हे मला इतक्यांनी विचारलंय की उत्तर तोंडपाठ झालंय: आधी ग्रॅपलिंग, म्हणजे ठोसे-लाथा सोडून नुसती धरपकड, पाडापाडी आणि आवळणं. मी स्वतः मात्र नेमकं उलट केलं होतं.

मी थेट एमएमएला (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) गेलो. ठोसे, लाथा, पाडापाडी, जमिनीवरची झटापट, सगळं एकदम. एकाही गोष्टीत धड हात रुळला नव्हता आणि तिसऱ्याच आठवड्यात स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीला, उभं केलं. पहिला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, नाकावर बसला. त्यानंतर कित्येक महिने माझं शरीर एकच धडा गिरवत राहिलं: समोरचा हात हलला की डोळे मिटायचे.

मग कंटाळून जिउ-जित्सूच्या, म्हणजे ग्रॅपलिंगच्याच एका प्रकाराच्या, मॅटवर गेलो. पहिल्याच दिवशी माझ्याहून बरीच हलकी मुलगी दोन्हीकडे पाय टाकून छातीवर बसली, याला माउंट म्हणतात. मी दोन्ही हात लांब करून तिला ढकलायला गेलो. तिला तेच हवं होतं. तिने माझा एक हात आपल्या छातीशी धरला, पाय माझ्या तोंडावरून पलीकडे टाकला आणि कंबर उचलली. कोपर उलटं वळायला लागलं तसं मी टॅप केलं, म्हणजे हाताने थोपटून हार मानली. तिने सोडलं, पंजाला पंजा लावला, पुन्हा सुरू. पाच मिनिटांत चार वेळा हरलो आणि दुसऱ्या दिवशी परत जायला धडधाकट होतो.

माझ्या उत्तराचं सगळं वजन या टॅपवर आहे. ग्रॅपलिंगमध्ये समोरचा खरा जोर लावतो, तुम्हीही लावता, आणि वेळेवर टॅप केलं की थांबता येतं. ठोशाला टॅप नसतो. म्हणून ठोशांचा सराव हलक्या हाताने करावा लागतो, आणि हलका हात नवख्याला जमत नाही. फक्त टॅप करायला लाजू नका. मागून गळा नीट आवळला गेला तर काही सेकंदांत शुद्ध जाते.

यावर कुणीतरी 1993 चा दाखला देतंच: यूएफसी या एमएमए स्पर्धेच्या पहिल्याच खेपेला जिउ-जित्सूवाल्या रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना शरण आणलं. खरं आहे. पण तेव्हा बहुतेकांना जमिनीवर काय करायचं हेच ठाऊक नव्हतं. आज एमएमएच्या पिंजऱ्यात उतरणारा प्रत्येक जण ते शिकूनच येतो. त्या पुराव्यावर निर्णय घेऊ नका.

ग्रॅपलिंगच्याही खोडी आहेत. गार्ड घेऊन, म्हणजे समोरच्याला पायांत अडकवून, पाठीवर निवांत पडायची सवय लागते. एमएमएत तिथे वरून कोपरं बसतात. त्यामुळे लढतीत उतरायचंच असेल तर सहा महिने-वर्षभरात ठोशांकडे वळा. आणि मन फक्त ठोशातच असेल तर सरळ बॉक्सिंगला जा, माझं ऐकू नका. क्लास कुठलाही असो, नवख्यांना पहिल्या महिन्यात जोरदार स्पारिंगला उभं करतात का, तेवढं आधी बघून या.

दीड वर्षाने मी एमएमएला परतलो. जॅब आला की डोळे अजून मिटतात. फक्त आता मिटल्या डोळ्यांनीच पुढे घुसून समोरच्याच्या कमरेला मिठी घालतो.