दीर्घिका बनताना कुणी बघितलीय का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह, आपली आकाशगंगा त्यातलीच एक. सुट्टीला कोल्हापुरात आले की रंकाळ्यावर, लग्नाच्या पंगतीत, मामांच्या सोप्यात हा प्रश्न येतोच: "दीर्घिका बनायला अब्जावधी वर्षं लागतात म्हणतेस. तुझी नोकरी जेमतेम तीस वर्षांची. मग ती कशी बनली हे तुला कळतं कसं?" मला हा प्रश्न फार आवडतो, कारण माझं सगळं काम त्याच्यावरच उभं आहे.

आमच्या आजोळी गुऱ्हाळ होतं. समजा, ऐन हंगामात तुम्ही रस्त्यानं चाललाय आणि वाटेत चार-पाच गुऱ्हाळं लागली. एका ठिकाणी चरकात ऊस घालतायत. दुसरीकडं काहिलीत रस उकळतोय, भेंडीचं पाणी घालून मळी काढणं चाललंय. पुढं गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का बघतोय. शेवटच्या ठिकाणी गुळाचे रवे बांधून तयार. कुठंच तुम्ही पाच मिनिटांवर थांबला नाहीत, पण गूळ कसा होतो ते कळलं.

आमचं असंच चालतं. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला २५ लाख वर्षं लागतात, म्हणजे आज दिसते ती तेव्हाची. जितकं लांब बघावं तितकी कोवळी दीर्घिका दिसते. अंतराळातल्या जेम्स वेब दुर्बिणीला तर महास्फोटानंतर, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीनंतर, ३० कोटी वर्षांच्या आतल्याही दीर्घिका दिसल्या आहेत. फक्त एक ध्यानात ठेवायचं, हीच दीर्घिका पुढं ती झाली असं म्हणता येत नाही. म्हणून एकीवर भागत नाही, हजारो बघाव्या लागतात.

माझा जीव अडकलाय तो जळणात. साधारण १० अब्ज वर्षांपूर्वी विश्वात तारे बनण्याचं काम ऐन भरात होतं. आज ते जवळजवळ दहाव्या हिश्श्यावर आलंय. का? तारे बनतात हायड्रोजन वायूपासून, आणि या वायूचा अणू २१ सेंटिमीटरची रेडिओ लहर सोडतो. पण एका अणूनं ती सोडायला सरासरी १ कोटी वर्षं जातात, इतकी ती दुर्मिळ. लांबच्या दीर्घिकेची हाक ऐकू येणं किती कठीण, बघा.

ती ऐकायला खोडदला जावं लागतं, नारायणगावजवळ. तिथं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या मिळून एक दुर्बीण होते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला तिथल्या नोंदींत एक संकेत मिळाला, अगदी हवा होता तिथंच. तीन आठवडे झोप नव्हती. मग एका रात्री वेळा ओळीनं मांडल्या, तर तो रोज घड्याळाच्या त्याच ठोक्याला येत होता. तारे तर रोज सुमारे ४ मिनिटं लवकर उगवतात. आकाशातली गोष्ट घड्याळ पाळत नाही, जमिनीवरचं यंत्र पाळतं. त्या रात्री मी रडले. पण तेव्हापासून कुठलाही सुंदर संकेत दिसला की आधी वेळा मांडते.

२०२० मध्ये पुण्याच्या एनसीआरए (राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र) आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेच्या संशोधकांनी याच दुर्बिणीनं ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचले आणि सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीचा वायू मोजला. एकेकीचा आवाज ऐकू येत नव्हता, सगळ्यांचा मिळून आला. त्यातनं दिसलं ते असं: तारे बनण्याचा तेव्हाचा झपाटा बघता तो वायू १ ते २ अब्ज वर्षांतच संपला असता. बाहेरून नवा वायू पुरेसा आला नाही आणि काम मंदावलं. उसाच्या गाड्या यायच्या थांबल्या की चरक थांबतो, तसंच. मला विचाराल तर दीर्घिकेच्या आकारापेक्षा हा पुरवठाच तिचं आयुष्य ठरवतो.

परवा मामांनी पुढचं विचारलं: "मग आपल्या आकाशगंगेचं गुऱ्हाळ बंद पडलं म्हणायचं?" नाही मामा, चालू आहे. वर्षाला एक-दोन सूर्य होतील एवढा ऐवज अजून निघतो. आणि एक गाडी वाटेत आहे. १९६३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ गेल स्मिथ यांनी शोधलेला वायूचा मेघ, दहा लाखांहून जास्त सूर्यांच्या वजनाचा, आपल्याकडं निघालाय. सुमारे ३ कोटी वर्षांनी पोचेल.