विहिरीत पडलेला पेशंट आणि सेक्रमचं फ्रॅक्चर
आज ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सेक्रमचं, म्हणजे कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडाचं, यू आकाराचं फ्रॅक्चर होतं. उन्हाळ्यात आपल्या मराठवाड्यात विहिरी खोल करायची कामं निघतात. माणूस उंचावरून पायावर किंवा बुडावर आदळतो, सेक्रमला दोन उभ्या आणि एक आडवी चीर जाते आणि पाठीचा कणा कमरेच्या हाडांच्या कड्यापासून (पेल्व्हिस) सुटतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत हे सहज निसटतं. बाजूचा एक्स-रे आणि सीटी हवाच.

पाय हलतात म्हणजे नसा ठीक, असं कृपया धरू नका. सेक्रममधून निघणाऱ्या एस२ ते एस४च्या नसा लघवी-संडास सांभाळतात. गुदद्वाराभोवतीची संवेदना तपासा, लघवीनंतर मूत्राशयात किती उरली ते सोनोग्राफीत बघा.

ऑपरेशनमध्ये एल४-एल५ला (कमरेचे शेवटचे दोन मणके) पेडिकल स्क्रू, म्हणजे मणक्यात मागून बसवायचे स्क्रू, दोन्ही इलियममध्ये (कमरेच्या बाजूचं रुंद हाड) ७-८ मिमी जाडीचे, ८०-१०० मिमी लांबीचे स्क्रू, आणि मध्ये रॉड. नस दबली असेल तर लॅमिनेक्टमी, म्हणजे नसेवरचं मागचं हाड काढून तिला मोकळं करणं. खरा त्रास जखमेचा. इलियाक स्क्रूचं डोकं हाड कोरून आत बसवलं नाही, तर उताणं झोपल्यावर ते टोचतं, कातडी झिजते, पू होतो. मुक्या माराने कातडीखाली रक्त साचलं असेल, तर धोका आणखी वाढतो.

आणि अशा माणसाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणू नका. फळीवर सपाट झोपवा, १०८ला फोन करा.