तुम्ही विचारलंत म्हणून: एका तोळ्याची गोळी

गणपतीत, दिवाळीत, अगदी कुणाच्या डोहाळजेवणातसुद्धा, कोलोरॅडोतल्या आमच्या मराठी गोतावळ्यात हा प्रश्न मला येतोच. पुरुष विचारतात, "दुकानात डबाच्या डबा तयार मिळतो, मग काडतुसं घरी कशाला भरत बसतेस?" बायका विचारतात, "अगं, भीती नाही का वाटत?" आणि ज्याला थोडंफार कळतं तो म्हणतो, "भरायचीच तर साधी भर की. कुणी विकतच नाही असलं काडतूस कशाला?" आजवर मी "छंद आहे" म्हणून विषय बदलला. परवा तुम्ही परत विचारलंत आणि पुरणपोळी ताटात ठेवून उत्तराची वाट बघत बसलात, म्हणून सांगते.

सुरुवात साताऱ्यापासून करावी लागेल. आमची सराफी होती. आजोबांच्या पेटीत एका डबीत खऱ्या गुंजा होत्या, लाल, काळ्या टिपक्याच्या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. १८३३ साली कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा (ग्रेन हे इंग्रजी बारीक वजन) ठरवून टाकला, हे मात्र मला अमेरिकेत येऊन कळलं, तेही बंदुकीच्या दुकानात. इथे गोळीचं आणि दारूचं वजन अजून ग्रेनमध्येच करतात. थर्टी-ऑट-सिक्स नावाच्या काडतुसाची नेहमीची एक गोळी १८० ग्रेनची असते, म्हणजे बरोबर एक तोळा. दुकानदाराने ती तळहातावर ठेवली आणि मला आजोबांच्या पेटीचा वास आला. नवऱ्याला अजून हे पटत नाही, पण या नादाचं खरं मूळ तेच.

शब्दांचा एक खुलासा आधी करते, कारण आईचा फोनवर एकदा भलताच गैरसमज झाला होता. "काय करतेयस?" "दारू मोजतेय." पलीकडे बराच वेळ शांतता. तर ही दारूगोळ्यातली दारू. काडतुसात चार गोष्टी असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. उडवल्यावर पुंगळी शाबूत उरते. तिला डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून घालायची, वर गोळी बसवायची. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरतं हे करायला परवाना लागत नाही, विकायचं असेल तर लागतो. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय यातलं काहीही करणं गुन्हा आहे, तेव्हा साताऱ्याच्या भाचेमंडळींनी उगाच उत्साह दाखवू नये.

आता ते "कुणी विकत नाही" प्रकरण. बाजारातल्या काडतुसांची मापं आणि दाबाची मर्यादा ठरलेली असते. काही कारागीर त्यातलंच एखादं घेऊन त्याच्या पुंगळीची मान (गोळी धरणारं तोंड) बारीक करतात किंवा खांदा (मानेखालचा उतार) बदलतात आणि रायफलीत त्याला साजेसं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती पोकळी, कोरतात. अशा काडतुसाला इथे वाइल्डकॅट म्हणतात, रानमांजर. काही रानमांजरं पुढे घरात येतात. २५-०६ नावाचं काडतूस कित्येक वर्षं हौशी लोकांच्या तळघरात फिरत होतं, १९६९ साली रेमिंग्टन कंपनीने ते आपलंसं केलं. थर्टी-फाइव्ह व्हेलन १९२२ चं, कंपनीच्या यादीत आलं १९८८ साली. माझं मात्र रानातच राहिलं: थर्टी-ऑट-सिक्स ऍक्ली इम्प्रूव्हड.

पी. ओ. ऍक्ली हा याचा कर्ता. दुसऱ्या महायुद्धानंतर तो आमच्याच राज्यात, त्रिनिदाद गावच्या कॉलेजात बंदुकांची कारागिरी शिकवत होता. त्याची युक्ती साधी. पुंगळीचं अंग खालून वर थोडं निमुळतं असतं, ते त्याने जवळजवळ सरळ केलं. खांद्याचा उतार मूळ साडेसतरा अंशांचा, तो चाळीसवर नेला. पोट मोठं झालं की दारू जास्त मावते. यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की नवी पुंगळी विकत आणायची गरजच नाही. चेंबर मुद्दाम चार थाऊ (इंचाचे चार हजारांश) आखूड ठेवतात, त्यामुळे दुकानातलं साधं काडतूस मान आणि खांदा मिळतात तिथे घट्ट बसतं. ते उडवलं की आतल्या दाबाने पितळ फुगून चेंबरचा आकार घेतं. आत जाताना उतरत्या खांद्याचं, बाहेर येताना ताठ खांद्याचं. मुशीतलं सोनं साच्यात ओतणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या मुलीला याचं कौतुक वाटणारच.

रायफल आली शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांकडून. मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणायचे. त्यांच्या थोरल्या भावाने साठच्या दशकात ती त्रिनिदादला करून घेतली होती. डोळे गेल्यावर काकांनी ती मला विकली, रीतसर दुकानात जाऊन, माझी पार्श्वभूमी तपासून. सोबत डायचा डबा दिला. डब्यात भावाच्या हातची एक चिठ्ठी होती: दारूचं नाव, ग्रेनचा आकडा, १८० ग्रेनची गोळी, आणि खाली दोन रेघा मारून "२९००". सेकंदाला फूट. साधी थर्टी-ऑट-सिक्स तीच गोळी २७०० च्या आसपास फेकते. म्हणजे दोनशे फूट जास्त, नुसता खांदा वळवून!

मी औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत काम करते. बावीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे संशयाने वाचण्याचा पगार घेतेय. त्या चिठ्ठीवर दारूचं नाव फक्त "४३५०" एवढंच होतं. आज त्या आकड्याची दारू आयएमआर छापाची वेगळी मिळते, हॉजडन छापाची वेगळी, आणि एकीचा हिशेब दुसरीला लावायचा नसतो. चिठ्ठीवर तारीख नाही, डब्याचा लॉट (दारू कोणत्या खेपेची ते) नाही, हवा किती थंड होती ते नाही, वेग कशावर मोजला ते नाही. कामावर असा कागद समोर आला असता तर मी सही न करता परत पाठवला असता. इथे तो मी पुठ्ठ्यावर चिकटवून बाकड्यासमोर लावला.

तशी काळजी घेतली हं. खूप खालून सुरुवात केली, अर्ध्या अर्ध्या ग्रेनने वर चढले, प्रत्येक पायरीला वेग मोजला, पुंगळ्यांचे बूड भिंगाखाली बघितले. जानेवारीचा महिना, पॉनी ग्रासलँडच्या माळावर उणे आठ तापमान, बोटं गारठलेली. चिठ्ठीच्या आकड्यापर्यंत पोचले तेव्हा वेग आला २८८०. बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, लोण्यासारखा उघडत होता. कागदावर तीन गोळ्यांची भोकं एका पंचवीस सेंटच्या नाण्याखाली झाकली गेली. तो कागद मी फ्रिजवर लावला. मुलीने विचारलं, "चौथी का नाही मारलीस?" कारण चौथी मारली असती तर कदाचित नाण्याबाहेर गेली असती, आणि ते मला आतून माहीत होतं. पण तिला म्हटलं, थंडी होती.

ऑगस्टमध्ये तीच काडतुसं घेऊन त्याच माळावर गेले. चौतीस अंश, डबा गाडीच्या टपावर उन्हात. तिसऱ्या गोळीला धक्का नेहमीपेक्षा तीव्र वाटला आणि बोल्ट उघडेना. तळहाताने ठोकून उघडावा लागला. पुंगळीच्या बुडावर एक लख्ख गोल खूण उमटली होती, पितळ वाहून इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीच्या) भोकात गेल्याची. घरी येऊन नवा प्रायमर बसवायला गेले तर तो अंगठ्याने आत सरकला. पुंगळीचं बूडच सैल झालं होतं. त्या संध्याकाळी उरलेली सतरा काडतुसं मी एकेक करून उकलली आणि हात थरथरत होते. भीती वाटते का, विचारता ना? त्या दिवशी वाटली.

नंतर जे केलं ते मी आधी करायला हवं होतं: हिशेब. पुंगळीत पाणी भरून तोलायचं, साधी किती घेते आणि ऍक्लीची किती. माझ्या रायफलीतून फुगून आलेल्या पुंगळीत साधारण सहा टक्के पाणी जास्त मावलं. या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे. दाब तोच ठेवला तर पोकळी जितके टक्के वाढते त्याच्या पाव हिश्शाने वेग वाढतो. सहाचा पाव दीड. २७०० चे दीड टक्के म्हणजे चाळीस फूट. म्हणजे खांद्याने दिलेले चाळीस. मग चिठ्ठीवरचे बाकीचे दीडशेहून जास्त कुठून आले? जास्तीच्या दाबातून. साध्या थर्टी-ऑट-सिक्सला मर्यादा आहे चौरस इंचाला ६०,००० पौंड. ती प्रयोगशाळेत, नळीला संवेदक लावून मोजतात. माझ्या काडतुसासाठी अशी ठरलेली मर्यादाच नाही आणि माझ्या तळघरात संवेदकही नाही. माझ्याकडे दिसायला फक्त पितळ. आणि पितळ तक्रार करायला लागतं तेव्हा मर्यादा बरीच मागे पडलेली असते. जानेवारीत ते गप्प होतं याचा अर्थ सगळं ठीक होतं असा मी काढला, हीच माझी चूक. थंडीत दारू सावकाश जळते, उन्हात तीच दारू तितक्याच वजनाला जास्त दाब देते. काकांच्या भावाने बहुधा ती रायफल नोव्हेंबरच्या शिकारीतच वापरली असणार.

तेव्हापासून मी वेगालाच दाबमापक मानते. साध्या काडतुसाच्या छापील आकड्यापेक्षा चाळीस-पन्नास फूट जास्त आले की थांबायचं, बोल्ट कितीही मऊ उघडत असला तरी. छापील तक्ते निदान कुणीतरी मोजून काढलेले असतात. रानमांजराला तसा ठरलेल्या मर्यादेचा तक्ता नाही, म्हणून त्याला त्याच्या आईच्या तक्त्याला बांधून ठेवायचं. ओळखीतल्या एका हौशी गृहस्थांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग ऍक्लीचा उपयोग काय?" खरं सांगायचं तर वेगासाठी फारसा नाही. ताठ खांद्याची पुंगळी उडवल्यावर लांबीला कमी वाढते, सारखी कापावी लागत नाही, हा फायदा मला जास्त कामाचा वाटतो.

नव्या भरणीला दुसरी दारू घेतली, गरम-थंड हवेत कमी बदलणारी. यावेळी फ्रिजवर लावायला काही नव्हतं, कारण मी वीस-वीस गोळ्या एकाच कागदावर मारल्या. शंभर यार्डांवर वीस गोळ्यांचा घोळका, म्हणजे भोकांचा पसारा, सव्वा इंचाचा आला. अर्ध्या ग्रेनचा फरक असलेल्या दोन भरण्यांचे घोळके वीस गोळ्यांना जवळजवळ सारखेच निघाले. तीन-तीन गोळ्यांत पाहिलं असतं तर एक "जादूची" आणि एक "वाया गेलेली" वाटली असती, हे मी त्याच कागदांवरच्या सलग तीन-तीन गोळ्या निवडून पडताळून पाहिलं. कारखान्यात तीन गोळ्या तपासून औषधाची बॅच सोडली तर माझी नोकरी जाईल.

मिळालेला वेग: २७४५. दोन हिवाळे आणि एक उन्हाळा घालवून पंचेचाळीस फूट. नवरा म्हणाला, "एवढ्यासाठी?" मी हो म्हटलं. तुम्हालाही तेच उत्तर. दुकानातल्या डब्यावर वेग छापलेला असतो. तो कसा येतो, किती दाबाने येतो, कोणत्या हवेत येतो, हे मला त्या डब्यातून कळलं नसतं. दारूचा आकडा मात्र विचारू नका, तो माझ्या नळीचा आणि माझ्या लॉटचा आहे, तुमच्या रायफलीत तो काय करेल मला सांगता येणार नाही.

काकांच्या भावाची जुनी चिठ्ठी मी फेकली नाही. तिच्यावर लाल पेनाने एक आडवी रेघ मारली आणि शेजारी माझी ठेवली. माझ्या चिठ्ठीवर दारूचं पूर्ण नाव आहे, लॉट आहे, प्रायमर आहे, उणे सहा आणि तेहेतीस अंश अशा दोन्ही दिवसांचे वेग आहेत, वीस गोळ्यांचा घोळका आहे. गोळीच्या वजनापुढे ग्रेन लिहिलंय आणि कंसात, कुणी वाचणार नाही हे माहीत असूनही, "१ तोळा". डब्याचं झाकण आता नीट बसत नाही, दोन चिठ्ठ्यांमुळे नव्हे, मी आत गुंजांची डबीही ठेवली आहे.